थेटफर्डचे ऋणानुबंध

इंग्लंड पाहायला येणाऱ्या मराठी मंडळींच्या यादीत लंडन असते, शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड असते, बाथ आणि सरोवरांचा प्रदेश असतो. थेटफर्डचे नाव त्या यादीत कधी आढळत नाही. नॉरफोक परगण्याच्या दक्षिण कडेला, केंब्रिजहून नॉर्विचकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, थेट आणि लिटल ऊज या दोन लहान नद्यांच्या संगमाशी हे बाजाराचे गाव वसले आहे. चकमकीच्या दगडांनी बांधलेल्या टुमदार स्थानकावर उतरले की गावाचा मध्य पायी गाठता येतो आणि पाहण्यासारख्या बहुतेक जागा एका दिवसाच्या चालण्यात बसतात. तरीही महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने इंग्लंडमध्ये एकच जुने बाजारगाव पाहायचे ठरवले, तर त्याने इथे यावे असे मी आग्रहाने सांगेन. त्याची कारणे दोन पुतळ्यांपाशी, एका लाकडी घरापाशी आणि आपल्या गोदावरीच्या काठापाशी आहेत.

गावाचा आजचा आकार पाहून त्याच्या जुन्या वैभवाची कल्पना येत नाही. अकराव्या शतकात थेटफर्ड इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक होते. नॉर्मन विजयानंतर काही वर्षे पूर्व अँग्लियाच्या बिशपची गादीही इथेच होती; १०९० च्या दशकात ती नॉर्विचला हलली आणि नॉर्विच वाढत गेले, तसतसे थेटफर्ड मागे पडत गेले. त्या वैभवाच्या काळातली सर्वांत ठळक खूण म्हणजे कॅसल हिल ही टेकडी. नॉर्मनांनी लोहयुगातल्या जुन्या तटबंदीच्या आत खडू आणि मातीचा सुमारे २० मीटर उंचीचा ढीग माणसांच्या हातांनी रचून घेतला. या प्रकारच्या टेकड्यांमध्ये ही देशातल्या सर्वांत उंच टेकड्यांपैकी एक गणली जाते. वर बुरूज नाही, दरवाजा नाही, एकही दगड नाही. राजगड किंवा सिंहगड चढलेल्या माणसाला चढाई किरकोळ वाटेल, पण आपल्याकडे किल्ल्याला डोंगर निसर्गाने दिला आणि इथे सपाट मुलखात जेत्यांनी आधी डोंगरच उभा केला, हा फरक माथ्यावर उभे राहून चहूकडची सखल जमीन पाहिली की नीट कळतो. आसपासच्या किती खेड्यांमधली माणसे या कामावर राबवली गेली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो मठाच्या अवशेषांत. रॉजर बिगॉड या नॉर्मन सरदाराने ११०३ - ०४ च्या सुमारास क्लूनी पंथाच्या साधूंना इथे आणले. पवित्र भूमीच्या यात्रेला जाण्याचा त्याचा संकल्प होता; तो सोडून त्याबदली त्याने हा मठ स्थापन केला, असे सांगतात. पुढे तेराव्या शतकात इथल्या मेरीच्या मूर्तीच्या चमत्कारांची कीर्ती पसरली, यात्रेकरूंची रीघ लागली आणि त्यांच्या दानावर मठ समृद्ध झाला. नॉरफोकचे ड्यूक आपल्या घराण्यातल्या माणसांना इथे पुरत असत. आठव्या हेन्रीचा अनौरस मुलगा हेन्री फिट्झरॉय यालाही १५३६ मध्ये इथेच पुरले होते. राजाने देशभरचे मठ बंद करायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या पूर्वजांच्या कबरी वाचाव्यात म्हणून ड्यूकने बरीच खटपट केली. तिचा उपयोग झाला नाही. १५४० मध्ये मठ बंद झाला आणि कबरी फ्रॅमलिंगमच्या चर्चमध्ये हलवाव्या लागल्या.

आज गवतावर उभ्या आहेत त्या या वास्तूच्या आतल्या भरावाच्या भिंती. जवळ जाऊन पाहिले की बांधकामाची रीत उलगडते. या भागात बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, जमिनीत मिळतात ते चकमकीचे गोटे. म्हणून साधूंनी चुन्यात चकमकीचे गोटे भरून भिंतीचा गाभा रचला आणि बाहेरून दूरवरून आणलेल्या घडीव दगडाचे आवरण चढवले. मठ उजाड झाल्यावर हे घडीव दगड लोकांनी काढून नेले आणि नेण्यालायक नसलेला गाभा तेवढा मागे राहिला. फुटलेल्या चकमकीचा पृष्ठभाग आत काळाभोर, काचेसारखा चकचकीत असतो आणि त्याच्या कडेला पांढरी साल असते. ऊन तिरपे आले की अख्खी भिंत ठिपक्याठिपक्यांनी उजळते. खांबांच्या तळाशी मात्र थोडे घडीव दगड अजून टिकून आहेत. त्यावर हात ठेवला की वरचे उरलेले सारे कुठे गेले असेल, ते गावातल्या जुन्या भिंतींमध्ये शोधण्याचा नाद लागतो. अवशेषांची देखभाल इंग्लिश हेरिटेज ही संस्था करते आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

गावाने आपला वारसा असा वापरून टाकला, याबद्दल मी गावाला दोष देत नाही; गरजेच्या काळात सगळीकडे हेच होते आणि आपल्या गढ्यांचे, वाड्यांचे दगडही शेजारच्या घरांच्या जोत्यात गेलेले आहेत. मला महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. थेटफर्डमध्ये आज माणसे जे पाहायला येतात, त्यातला फार मोठा भाग या गावाला बाहेरच्यांनी दिलेला आहे. ज्याला इंग्लंडने हाकलले त्याची आठवण अमेरिकेने परत आणली आणि ज्याचे राज्य इंग्लंडने घेतले त्याच्या मुलाने गावाला संग्रहालय दिले.

हाकललेला माणूस म्हणजे थॉमस पेन. १७३७ मध्ये तो इथे जन्मला. वडील क्वेकर पंथाचे, धंद्याने स्त्रियांच्या कंबरपट्ट्याच्या काचोळ्या शिवणारे. आई सरकारमान्य अँग्लिकन चर्चची. दोन पंथांच्या घरात वाढलेल्या या मुलाने गावातल्या ग्रामर स्कूलमध्ये काही वर्षे शिक्षण घेतले. ती शाळा आजही चालू आहे. त्याच्या लहानपणी गावाचे राजकारण जवळच्या यूस्टनच्या ग्राफ्टन ड्यूकच्या मुठीत होते, संसदेवर दोन प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क मूठभर माणसांना होता आणि दरवर्षी वसंताच्या आधी परगण्याचे फौजदारी न्यायालय इथे भरले की फाशीच्या शिक्षाही इथेच दिल्या जात. सत्ता जन्माने का मिळावी, हा प्रश्न त्याने पुढे साऱ्या जगाला विचारला. त्या प्रश्नाचे बी या गल्ल्यांमध्ये पडले असावे, असे मला इथे फिरताना सारखे वाटते. १७७४ मध्ये तो अमेरिकेला गेला, १७७६ च्या आरंभी त्याच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने तिथल्या वसाहतींचे मन स्वातंत्र्याकडे वळवले आणि १७९१ - ९२ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या भागात म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन आणि गरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसा देण्याच्या योजना आकडेमोडीसह मांडलेल्या आहेत. सरकारने त्याच्यावर राजद्रोही लेखनाचा खटला भरला. तो फ्रान्समध्ये असताना १७९२ च्या अखेरीस त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवले गेले आणि इंग्लंडमधल्या गावोगावी त्याचे पुतळे जाळले गेले. १८०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो वारला तेव्हा अंत्ययात्रेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती.

गावात त्याचा पुतळा बसायला १९६४ साल उजाडावे लागले आणि तो न्यूयॉर्कच्या थॉमस पेन फाउंडेशनने दिला. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात या भागातल्या विमानतळांवर असलेल्या अमेरिकन हवाई दलाच्या सैनिकांनी आपसांत वर्गणी काढून १९४३ मध्ये त्याच्या नावाची एक पाटी गावाला दिली होती. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या तरुणांना आपल्या स्वातंत्र्याचा लेखक इथला आहे हे माहीत होते, ही गोष्ट मला पुतळ्याइतकीच मोलाची वाटते. पुतळा किंग स्ट्रीटवर आहे. तो घडवणारे सर चार्ल्स व्हीलर त्या वेळी रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष होते. ब्राँझवर सोन्याचा मुलामा दिलेला असल्याने ढगाळ दिवशीही तो दुरून झळकतो. एका हातात पिसाची लेखणी आहे आणि दुसऱ्या हातात ‘राइट्स ऑफ मॅन’ची प्रत, तीही उलटी धरलेली. ती उलटी का, याची वेगवेगळी कारणे सांगितली जातात. मला स्वतःला असे वाटते की त्यामुळे माणूस थांबतो, मान वाकडी करून पुस्तकाचे नाव वाचतो आणि ते नाव त्याच्या लक्षात राहते. राजाला आव्हान देणाऱ्या माणसाचा पुतळा गावात नको, असे म्हणणारे लोकही त्या वेळी होते.

मराठी माणसाची पावले इथे अडखळतात ती याच पुस्तकापाशी. स्कॉटिश मिशनच्या शाळेतले शिक्षण १८४७ मध्ये पुरे होत असताना जोतीराव फुल्यांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. दुसऱ्याच वर्षी, १८४८ मध्ये, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. या दोन घटनांमध्ये सरळ रेघ ओढण्याचे धाडस मी करणार नाही. जोतीरावांच्या विचारांना कबीरापासून मिशनऱ्यांपर्यंत अनेकांची ओल मिळाली होती आणि जातीच्या अपमानाचा चटका त्यांनी स्वतः सोसला होता. पण माणूस म्हणून जन्माला आलेल्या प्रत्येकाला काही हक्क जन्मतः मिळतात आणि कोणतीही परंपरा ते काढून घेऊ शकत नाही, हे पेनच्या ग्रंथाचे सूत्र जोतीरावांच्या लेखनात शेवटपर्यंत उमटत राहिले. १८७३ मधली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहित नको, असे पेनही सांगत होता. जोतीरावांचा ‘निर्मिक’, म्हणजे सृष्टीचा कर्ता, ही त्यांची स्वतःची घडण आहे, तरी पेनचे धर्मविषयक विचार वाचताना त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. काचोळ्या शिवणाऱ्याच्या मुलाने लिहिलेले पुस्तक पन्नासेक वर्षांनी पुण्यात एका फुलमाळ्याच्या मुलाच्या हाती पडले. दोघेही अशा घरांत जन्मले होते ज्यांच्याकडून कोणी ग्रंथाची अपेक्षा केली नव्हती.

पुतळ्यापासून थोडे चालले की व्हाइट हार्ट स्ट्रीटवर एन्शंट हाउस लागते. १४९० च्या सुमारास कोणा सधन व्यापाऱ्याने बांधलेले हे लाकडी सांगाड्याचे घर आहे. वरचा मजला रस्त्यावर थोडा पुढे आलेला आहे आणि आत शिरल्यावर कोरीव ओकच्या तुळयांचे छत पाहत मान वर करून उभे राहावे लागते. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांमधल्या सागवानी तुळया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सुताराचा हात लगेच ओळखता येईल. गॅलोज हिलवर १९७९ मध्ये सापडलेल्या रोमनकाळाच्या अखेरच्या सोन्याच्या अंगठ्या आणि चांदीचे चमचे आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, पण त्यांच्या प्रतिकृती इथे पाहायला मिळतात. हे घर विकत घेऊन १९२१ मध्ये गावाला दान करणारे गृहस्थ होते प्रिन्स फ्रेडरिक दुलीपसिंग, पंजाबच्या शेवटच्या महाराजांचे चिरंजीव. १९२४ मध्ये घर संग्रहालय म्हणून खुले झाले.

फ्रेडरिक यांचे शिक्षण ईटन आणि केंब्रिज इथे झाले. ते पुराणवस्तूंचे मोठे जाणकार होते. पूर्व अँग्लियातल्या जुन्या चर्चची दुरुस्ती व्हावी, जुनी घरे वाचावीत म्हणून त्यांनी आयुष्यभर खटपट केली आणि या भागातल्या जुन्या घराण्यांच्या व्यक्तिचित्रांचा आपला संग्रहही त्यांनी थेटफर्डलाच दिला. ज्या साम्राज्याने वडिलांचे राज्य गिळले, त्याच साम्राज्याच्या एका विसरलेल्या गावाचा इतिहास राखण्यात त्यांना आपले काम सापडले. त्यामागे त्यांच्या मनात काय होते याचा तर्क मी करत नाही, पण त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

त्यांचे वडील महाराजा दुलीपसिंग यांचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा नदीतल्या बटन आयलंड या छोट्या बेटावर आहे. शीख समाजाने स्थापन केलेल्या न्यासाने तो उभारला आणि १९९९ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. महाराज पाचव्या वर्षी लाहोरच्या गादीवर बसले, १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब खालसा केला, कोहिनूर घेतला, मुलाला आई राणी जिंदकौर हिच्यापासून तोडले आणि १८५४ मध्ये इंग्लंडला आणले. मायलेकरांची भेट व्हायला १८६१ साल उजाडले. दोन वर्षांनी, १८६३ मध्ये, राणी लंडनमध्ये वारली. आपल्यावर पंजाबमध्ये अंत्यसंस्कार व्हावेत अशी तिची इच्छा होती. सरकारने महाराजांना पंजाबात जाऊ दिले नाही. म्हणून १८६४ मध्ये ते आईचा देह घेऊन मुंबईला उतरले आणि नाशिकला, गोदावरीच्या काठी, त्यांनी तिला अग्नी दिला.

नाशिकला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ही हकीकत ठाऊक असेल? रामकुंडाच्या परिसरात आम्ही लहानपणापासून हिंडलो, पण पंजाबच्या महाराणीची चिता इथे पेटली होती असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते; मला ते थेटफर्डच्या वाटेवरच्या वाचनात प्रथम कळले. तिची रक्षा असलेली समाधी नाशिकला बरीच वर्षे होती. पुढे तिची नात बांबा सदरलंड हिने ती रक्षा लाहोरला नेऊन रणजितसिंगांच्या समाधीपाशी ठेवली. ते सालही १९२४ होते. भावाने दिलेले घर थेटफर्डमध्ये संग्रहालय म्हणून उघडले, त्याच वर्षी बहिणीने आजीला गोदाकाठाहून घरी नेले.

महाराजांनी १८६३ मध्ये थेटफर्डपासून चारएक मैलांवरची, शेजारच्या सफोक परगण्यातली एल्व्हेडनची जहागीर विकत घेतली होती. बंदुकीच्या शिकारीत त्यांचा हात धरणारे इंग्लंडमध्ये फार थोडे होते आणि हवेलीचा अंतर्भाग त्यांनी मोगल वळणाच्या नक्षीकामाने सजवला होता. ती हवेली खाजगी असल्याने आतून पाहता येत नाही. एल्व्हेडन गावचे चर्च मात्र पाहता येते आणि चर्चच्या आवारात महाराज, त्यांची पत्नी बांबा आणि मुलगा एडवर्ड यांच्या कबरी आहेत. १८८६ मध्ये ते सारे सोडून हिंदुस्थानकडे निघाले होते; एडनला त्यांना अडवले गेले, तिथेच त्यांनी पुन्हा शीख धर्माची दीक्षा घेतली आणि १८९३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. दीक्षा पुन्हा घेतलेल्या महाराजांना ख्रिस्ती विधीने इथे पुरले गेले. दुरून आलेली शीख कुटुंबे इथे फुले वाहतात. आई गोदावरीच्या काठाहून अखेर लाहोरला पोचली, मुलगा सफोकच्या मातीतच राहिला, याची खंत मला आहे.

बाकीच्या जागांविषयी थोडक्यात सांगतो. वाफेची रस्त्यावर चालणारी इंजिने बनवणाऱ्या चार्ल्स बरेलच्या कारखान्याचे संग्रहालय यंत्रांची आवड असणाऱ्यांनी चुकवू नये. जाण्याआधी ते उघडे आहे का, एवढे विचारून घ्यावे. ‘डॅड्स आर्मी’ या जुन्या इंग्रजी विनोदी मालिकेचे बाह्यचित्रण या गावात झाले होते आणि तिचे छोटे संग्रहालय इथे आहे. इंग्रज पाहुण्यांची गर्दी बहुधा तिथेच असते. गावाबाहेरच्या पाइनच्या जंगलाची लागवड पहिल्या महायुद्धानंतर लाकडाच्या टंचाईमुळे झाली. त्या जंगलात मठाच्या काळातली एक दुमजली दगडी चौकी उभी आहे, जिच्यात मठाचे ससे राखणारा माणूस राहत असे. सशाचे मांस आणि कातडे तेव्हा इतके मोलाचे होते की चोरांपासून त्यांचे रक्षण करायला जाड भिंतींचे घर बांधावे लागले. ग्राइम्स ग्रेव्ह्जसाठी मात्र सवडीने वेळ काढावा. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी नवाश्मयुगातल्या माणसांनी हरणांच्या शिंगांची कुदळ करून इथे चारशेहून अधिक खाणी खणल्या. त्यांतल्या एका खाणीत नऊ मीटर खाली उतरता येते आणि तळाशी खडूच्या पांढऱ्या भिंतीत काळ्या चकमकीचा तो थर हातभर अंतरावर दिसतो, जो मिळवण्यासाठी त्यांनी एवढे खणले. मठाच्या भिंतीतले गोटे पाहून मग हे पाहिले की या मुलखाचे सारे आयुष्य एकाच दगडाने बांधलेले आहे, हे लक्षात येते.

लंडनमधली गर्दी बाहेर हलवण्याच्या योजनेत थेटफर्डची लोकवस्ती दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक पटींनी वाढली, आणि अलीकडच्या दशकांत पोर्तुगीज, पोलिश आणि लिथुएनियन कुटुंबे इथे स्थायिक झाली आहेत. बाजाराच्या चौकात त्यांच्या भाषा ऐकू येतात. याच गावाने १९०४ मध्ये बहामामध्ये जन्मलेल्या डॉ. अ‍ॅलन ग्लेझर मिन्स यांना महापौर केले होते. ब्रिटनमधले ते पहिले कृष्णवर्णीय महापौर मानले जातात.

अमेरिकनांनी पेनची आठवण राखली, शिखांनी महाराजांची राखली. पेनचे पुस्तक पुण्याला पोचले आणि तिथे त्याने काय केले, याचा उल्लेख मात्र मला गावात कुठेही दिसला नाही. किंग स्ट्रीटवरच्या पुतळ्याजवळ किंवा एन्शंट हाउसमध्ये त्याची एक लहानशी पाटी असावी, असे मला फार मनापासून वाटते. त्यावर फार काही लिहायला नको: पेनचे हे पुस्तक १८४७ मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांनी वाचले, १८४८ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा चालवायला घेतली आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. मजकूर इंग्रजीत आणि मराठीत असावा. तसे विनंतीपत्र मी संग्रहालयाला लिहायला घेतले आहे. ब्रिटनमधल्या महाराष्ट्र मंडळांनी त्यावर आपली सही घालावी आणि खर्चाचा वाटा उचलावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.